डोंगरातलं जंगल कायद्यानं राखायचं, तर आधी सात-बारा उघडा

प्रश्न थोडक्यात असा: गावामागे घाटाच्या धारेवर सलग दाट जंगल आहे. गवे रोजचे, बिबट्या-शेकरू आहेतच, वाघाचा ठसा मिळाल्याची चर्चा वर्षातून एकदा तरी होते. अमेरिकेत म्हणे संसद एकेका डोंगरासाठी कायदा करते आणि ते रान 'वाइल्डरनेस' ठरतं. मग तिथं रस्ता नाही, मोटार नाही, लाकूडतोड नाही. आपल्या डोंगराला असं काही मिळेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

आपल्याकडं प्रत्येक जंगलासाठी वेगळा कायदा लागत नाही. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आहे. त्याखाली राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं. पण ती कोणत्या कलमाखाली निघते आणि तिच्यासोबतच्या तक्त्यात कोणते गट नंबर बसतात, यावर पुढचं सगळं ठरतं. गावात वाद होतो तो नावावरून, अभयारण्य हवं की नको. तक्ता बहुतेक वेळा कुणी उघडूनही बघत नाही.

अमेरिकेचं आधी निस्तरू. तिथला वाइल्डरनेस कायदा ३ सप्टेंबर १९६४ चा. नवं क्षेत्र जोडायचं तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेला आणि राष्ट्राध्यक्षांची सही झालेला कायदा लागतो. काढायचं तरी तेच. कुलूप भक्कम आहे ते यामुळे. पण दोन गोष्टी इकडे येताना गळून पडतात. एक, तिथली जमीन आधीपासून संघ सरकारच्या मालकीची असते. दुसरी, 'काहीच नाही' हे खरं नाही: आधीपासूनची गुरचराई चालू ठेवायची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि खाणीचे नवे दावे ३१ डिसेंबर १९८३ पर्यंत करता येत होते. म्हणजे त्यांनीही जुने हक्क आणि नवा दर्जा यांची तडजोड केली, फक्त ती कायद्याच्या मजकुरातच उरकली. आपल्याकडं ती तडजोड गावात, तहसीलमध्ये आणि उपवनसंरक्षकांच्या टेबलावर करावी लागते.

आता आपल्याकडचे दर्जे. राष्ट्रीय उद्यान कलम ३५ खाली, अभयारण्य कलम १८ आणि २६अ खाली. संवर्धन राखीव ३६अ खाली आणि समुदाय राखीव ३६क खाली. हे शेवटचे दोन २००२ च्या दुरुस्तीनं आले. सह्याद्रीत सध्या ज्याची चर्चा होते तो संवर्धन राखीव. दोडामार्ग तालुक्यात तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र जून २०२० मध्ये या कलमाखाली आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य वन्यजीव मंडळानं आणखी काही क्षेत्रांना मान्यता दिली: विशाळगड ९२.९६ चौरस किलोमीटर, पन्हाळगड ७२.९०, गगनबावडा १०४.३९, आजरा-भुदरगड २३८.३३, चंदगड २२५.२४, आंबोली-दोडामार्ग ५६.९२ आणि वर उत्तरेला जोर-जांभळी ६५.११. नकाशावर हे तुकडे ओळीनं ठेवून बघा. कोयना-चांदोलीपासून राधानगरीवरून खाली तिलारीपर्यंत, आणि पुढं गोव्यातलं म्हादई, कर्नाटकातलं भीमगड. वाघ याच वाटेनं वर येतो. ३६अ ची भाषाही हीच आहे: सरकारी मालकीचं क्षेत्र, विशेषतः उद्यान-अभयारण्याला लागून असलेलं किंवा एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारं.

पण या कलमाची ताकद किती, हे आधी समजून घ्या, नाहीतर अधिसूचना निघाल्यावर भ्रमनिरास होतो. ३६अ अभयारण्याच्या प्रकरणातली मोजकीच कलमं उसनी घेतं. १८(२) म्हणजे सीमेचं वर्णन. २७ ची पोटकलमं २, ३ आणि ४, म्हणजे गुन्हा रोखायला व कळवायला मदत करणं, आग विझवणं, सीमाखुणा न मोडणं, प्राण्यांना त्रास न देणं, कचरा न टाकणं. ३० म्हणजे आग न लावणं. ३२ म्हणजे स्फोटकं किंवा घातक रसायनं न वापरणं. आणि ३३ चे खंड ब व क, म्हणजे प्राण्यांची सुरक्षा आणि अधिवास सुधारणा. या यादीत २७(१) नाही, म्हणून प्रवेशाला परवाना लागत नाही. कलम २९ सुद्धा नाही. अधिवासाची नासधूस परवानगीशिवाय करायला अभयारण्यात जी थेट बंदी आहे ती याच कलमातून येते, आणि संवर्धन राखीवात ती लागू होत नाही.

कुलपाचंही तसंच. अभयारण्याची हद्द बदलायची तर २६अ(३) प्रमाणे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. शिवाय १३ नोव्हेंबर २००० च्या आदेशापासून सर्वोच्च न्यायालयाची नजर आहे. संवर्धन राखीवाला २६अ(३) लागू नाही. जे सरकार दर्जा देतं, ते तो काढूही शकतं. जून २०२२ च्या निकालात, आणि एप्रिल २०२३ मध्ये तो सौम्य करतानाही, सर्वोच्च न्यायालयानं एक किलोमीटरच्या आत खाणकाम नको असं जे सांगितलं, ते राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं यांच्याबद्दल. संवर्धन राखीव झालं म्हणजे खाण गेली, असं गावात सांगू नका. उद्या कुणी निकालाची प्रत आणून दाखवली की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मग अभयारण्यच का मागू नये? कागदावर ते बरोबर वाटतं. राखीव वनाचं क्षेत्र असेल तर २६अ खाली थेट अंतिम अधिसूचना निघू शकते, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली राखीव करतानाच हक्कांची चौकशी झालेली असते असं कायदा धरून चालतो. पण हद्दीत मालकीची शेतं, काजूबागा, वाड्या आल्या की कलम १८ चा रस्ता धरावा लागतो. उद्देश जाहीर करणं, जिल्हाधिकाऱ्यांनी उद्घोषणा काढणं, दोन महिन्यांत दावे, चौकशी, संपादन किंवा हक्क चालू ठेवणं. कायद्यात त्याला दोन वर्षांची मुदत आहे. उद्देशाची अधिसूचना निघाली की कलम २० प्रमाणे त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. खरेदीखत, गहाण, सगळं अडकतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या लोकांना विचारा. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये, राष्ट्रपती राजवटीत, राज्यपाल जेकब यांच्या काळात जाहीर झालं. क्षेत्र २०८ चौरस किलोमीटरच्या वर. हक्कांचे दावे मात्र वीस वर्षं उलटली तरी सुटले नाहीत. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, तेव्हा विरोधात सगळ्यात पुढं आला तो हाच न सुटलेला प्रश्न. जंगल राखण्याचा हेतू चांगला होता, पण दावे लोंबकळत ठेवले की दोन दशकांनी तेच अंगावर येतात.

दुसरं उदाहरण आपल्याच घरचं. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये सोलापूर-नगर पट्ट्यात तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरवर जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणं, सगळं होतं. ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात शेतकरी जमीन विकायला गेला तरी अडचण आणि विहीर खणली तरी अडचण, त्यामुळे माळढोक हा शब्दच तिथं शिवी झाला. हद्द मोठी आखली म्हणजे संरक्षण मोठं, हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो.

माझं मत असं: घाटमाथ्यावर आणि कोकणाच्या उतारावर जिथं सरकारी वन आणि मालकी जंगल एकमेकांत गुंतलंय, तिथं आधी निव्वळ सरकारी वनाचं संवर्धन राखीव करावं. कुलूप हलकं आहे हे मान्य. पण ते लवकर लागतं, कुणाचा हक्क गोठत नाही, आणि पुढं वरचा दर्जा मागायला पाया तयार होतो. मालकी जंगलासाठी वेगळा मार्ग आहे, तो पुढं सांगतो.

आता सात-बारा. प्रस्तावाचा जीव म्हणजे क्षेत्राचा तक्ता: गाव, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर, हिस्सा, वनविभागाचा कक्ष क्रमांक, जमिनीचा कायदेशीर दर्जा, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. वनविभागाचं क्षेत्र कक्षांत मोजलं जातं, महसुलाचं गटांत, आणि दोन्हींचा मेळ क्वचितच बसतो. एका गटाचा अर्धा भाग राखीव वन आणि अर्धा मालकीचा असतो. सात-बारावर दोन्ही एकाच उताऱ्यात, पोटखराबात दडलेले. त्यामुळे प्रत्येक गटाचा चालू उतारा, शक्य तितके जुने फेरफार, भूमी अभिलेखमधला गाव नकाशा आणि वनविभागाची अधिसूचना, ही चार कागदं शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवा. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. शंभर गटांचं गाव असेल तर महिना सहज जातो. कंटाळा येतो, पण इथं वाचवलेला दिवस पुढं वर्षभर छळतो.

दर्जा लिहिताना 'वन' एवढंच लिहू नका. १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २० खाली अंतिम राखीव झालेलं वन वेगळं, आणि कलम ४ ची नुसती उद्देशाची अधिसूचना निघून तिथंच थांबलेलं वेगळं. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमानं ३० ऑगस्ट १९७५ ला सरकारकडं आलेलं आणखी वेगळं, आणि त्यातलंही २२अ खाली मूळ मालकाला परत गेलेलं वगळावं लागतं. सात-बाराच्या 'इतर हक्क' रकान्यात वन अधिनियमाच्या ३५(३) च्या नोटिशीची जुनी नोंद दिसली म्हणून जमीन सरकारची झाली असं धरू नका. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटीस खरोखर बजावली होती का आणि पुढं कारवाई झाली का, हे बघावं लागतं. सावंतवाडी-दोडामार्गात यात आणखी भर: वनसंज्ञा लागलेल्या (महसुली नोंदीत 'वन' ठरवलेल्या) जमिनी, आकारीपड (सारा थकल्यानं सरकारजमा झालेल्या), आणि आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार-गावकर जमिनी (गावाच्या सामाईक वहिवाटीच्या, मालकीचा वाद असलेल्या). या प्रकारातला एकही गट पहिल्या प्रस्तावात घेऊ नये. ३६अ ला सरकारी मालकी लागते; वादातला एक गट आत शिरला की त्या एका गटासाठी अख्खी अधिसूचना न्यायालयात जाते. गुरचरण आणि गायरान तांत्रिकदृष्ट्या सरकारी असलं तरी घेऊ नका. गावाला विचारून घेतलं तरी पुढच्या निवडणुकीत तोच मुद्दा होतो.

एकक बदलताना चुका होतात त्या हास्यास्पद वाटतात, पण फाइल परत येते ती त्यांमुळेच. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यात, नव्या हेक्टर-आरमध्ये. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४०.४७ आर. शंभर हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर. तक्त्याची बेरीज, नकाशावरच्या बहुभुजाचं क्षेत्र आणि पत्राच्या विषयातला आकडा, हे तिन्ही जुळले पाहिजेत. नकाशावरचं क्षेत्र थोडं वेगळं येणारच: सात-बाराचं क्षेत्र जुन्या साखळी मोजणीचं, तुमचं उपग्रहाच्या चित्रावरचं. फरक किती आणि का, हे दोन ओळींत लिहून टाका. लपवलेला फरक नागपूरला, वन्यजीव शाखेच्या मुख्यालयात, सापडतो.

सीमेचं वर्णन दोन प्रकारे द्या. कलम १८(२) मध्ये सोय अशी आहे की रस्ते, नद्या, डोंगराच्या धारा किंवा सहज ओळखू येणाऱ्या खुणांनी सीमा सांगितली तरी पुरतं. म्हणून उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी चार परिच्छेदांत वाचली की गावातल्या माणसाला डोळ्यांसमोर दिसेल अशी सीमा लिहा: अमुक ओढ्याच्या संगमापासून धारेधारेनं अमुक खिंडीपर्यंत. आणि जोडीला वळणाच्या प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश. जुन्या टोपोशीटवरून बिंदू उचलत असाल तर सावध. तो नकाशा एव्हरेस्ट मापनावर आहे आणि तुमच्या मोबाइलमधलं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. रूपांतर न करता बिंदू चढवले तर अख्खी रेघ सरकते. डोंगराच्या धारेवर पन्नास मीटर सरकणं म्हणजे सीमा पलीकडच्या उतारावर, दुसऱ्या गावाच्या काजूत. एकदा तरी वनरक्षक आणि गावातले दोन जाणते घेऊन सगळी सीमा पायी चाला. नदी सीमा धरली असेल तर कोणता काठ, तेही लिहा. पावसाळ्यात तिलारीसारख्या खोऱ्यात ओढा वाट बदलतो.

आता गाव. ३६अ मध्ये शब्द 'विचारविनिमय' आहे, संमती नाही. तरी ग्रामसभेच्या ठरावाशिवाय प्रस्ताव पाठवू नका. ग्रामपंचायत अधिनियमाखालच्या ग्रामसभेला गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी ते. नोटीस किमान सात दिवस आधी, विषयपत्रिकेवर विषय स्पष्ट लिहिलेला. 'ऐन वेळचे विषय' मध्ये घुसडलेला ठराव कुणीही पाडू शकतो. ठरावात गट नंबरांची यादी जोडा आणि 'सदर क्षेत्रात कोणतीही मालकी जमीन समाविष्ट नाही' हे वाक्य घाला. हे एक वाक्य निम्मा विरोध संपवतं, अट एवढीच की ते खरं असलं पाहिजे.

विरोध येतो तो तीन-चार ठरलेल्या प्रश्नांवर. गुरं चारता येतील का? सरपण, हिरडा, शिकेकाई, रानमेवा? देवराईतल्या देवाची जत्रा? वाडीचा रस्ता, पाण्याची पाइपलाइन? प्रामाणिक उत्तर असं की संवर्धन राखीवामुळे यात नवी बंदी येत नाही. पण राखीव वनात १९२७ च्या कायद्यानं जे आधीच गुन्हा आहे, ते गुन्हाच राहतं. वनरक्षक कानाडोळा करत होता म्हणून ते हक्क नव्हते. रस्ता किंवा पाइपलाइन वनजमिनीतून न्यायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी आजही लागते, उद्याही लागेल. हे दोन्ही भाग सांगा. अर्धंच सांगणारे कार्यकर्ते आणि अर्धंच सांगणारे पुढारी, दोघंही गावाला फसवतात.

आणि ज्यांचे खरे हक्क आहेत त्यांचे दावे आधी करून घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावा दाखल करायला गावानं संवर्धन राखीवाची वाट बघायची गरज नाही. उलट तो आधी झाला तर बरं. इथं एक गोंधळ नेहमी होतो. वनहक्काच्या ग्रामसभेची गणपूर्ती वेगळी आहे: २०१२ च्या सुधारित नियमांनुसार निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. पंचायतीच्या ग्रामसभेत शंभर सह्यांवर वनहक्काचा ठराव केला तर तो उपविभागीय समितीत पडतो. धनगरवाड्यांच्या बाबतीत शक्यतो स्वतः जाऊन बसा. या वाड्या डोंगरात सगळ्यात आत असतात, आणि ग्रामसभा गावठाणात भरते. बिगर-आदिवासी पारंपरिक वनवासी म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कागद नसतील तर जाणत्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून धरता येतात.

वन्यजीवांचा पुरावा मी मुद्दाम इतक्या उशिरा आणला. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात, आणि फाइल सहसा तिथं अडत नाही. तरी जे द्याल ते टिकणारं द्या. प्रजातींच्या यादीत अनुसूची लिहिताना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या चार अनुसूची वापरा. जुन्या सहा अनुसूचींवरून नकललेली यादी दिसली की बाकीचं कामही नकललेलं असेल, अशी शंका येते. कॅमेरा ट्रॅप लावायचे तर वनविभागाची लेखी परवानगी घेऊनच. वाघासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीनं लावावे लागतात, कारण डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख दोन्हींवर अवलंबून असते. उंची गुडघ्याएवढी, साधारण ४५ सेंटिमीटर. वाटेसमोरचं गवत कापून घ्या, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या पात्याचे हजारो फोटो. सह्याद्रीत हे काम नोव्हेंबर ते मे. जूननंतर धुकं आणि पाणी कॅमेऱ्यात शिरतं. वाघाचा फोटो मिळाला तर तो तारीख, वेळ आणि जागेसकट उपवनसंरक्षकांना द्या, व्हॉट्सॲपवर टाकू नका. जागा कळली की शिकारीही येतो आणि हौशे-गवशेही. वाघापेक्षा मला प्रस्तावात जोडणीचा नकाशा जास्त महत्त्वाचा वाटतो: तुमचं क्षेत्र कोणत्या दोन संरक्षित क्षेत्रांना जोडतं, मधली सगळ्यात अरुंद जागा किती रुंद, तिथं रस्ता किंवा कालवा कोणता. ३६अ ची भाषा जोडणीची आहे, त्या भाषेत बोला.

फाइलीचा प्रवास असा: वनपरिक्षेत्र अधिकारी, उपवनसंरक्षक (दोडामार्गासाठी सावंतवाडी), मुख्य वनसंरक्षक कोल्हापूर, नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), तिथून मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचं राज्य वन्यजीव मंडळ, मग मंत्रालयातला महसूल व वन विभाग, आणि राजपत्र. मंडळाची मान्यता म्हणजे अधिसूचना नव्हे. वर्तमानपत्रात 'मंजुरी' छापून आली की लोक पेढे वाटतात आणि पाठपुरावा थांबवतात. राजपत्राची प्रत हातात येईपर्यंत कायद्याच्या दृष्टीनं काहीच झालेलं नसतं. प्रत आली की सीमेचं वर्णन आणि गट नंबर तुमच्या तक्त्याशी ताडून बघा. छपाईत एक ओळ गळली तर शुद्धिपत्रक लगेच मागता येतं, पाच वर्षांनी मागितलं तर शंका घेतली जाते.

मालकी जंगलाचं काय? दोडामार्गात खरा प्रश्न तिथंच आहे. रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी उतार साफ होतात ते मालकी जागेत, सरकारी वनात नव्हे. त्यासाठी ३६क, समुदाय राखीव. मालक किंवा गाव स्वतःहून पुढं आलं तरच. गंमत अशी की याचं कुलूप एका अर्थानं संवर्धन राखीवापेक्षा घट्ट आहे: दर्जा मिळाल्यावर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणूनच मालक बिचकतात, आणि ते चूक नाहीत. सही घेण्याआधी ही अट त्यांना वाचून दाखवा. देवराई किंवा एखादी विशेष जागा तेवढीच राखायची असेल तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ खालचा जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा सोपा पडतो. हेवाळे-बांबर्डेची भालांडेश्वर राई, रानटी जायफळाच्या दलदलीची, अवघी २.५९ हेक्टर, आंबोलीतलं हिरण्यकेशीचं क्षेत्र, जिथं शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा सापडला, २.११ हेक्टर. दोन-अडीच हेक्टरला अभयारण्याची फाइल चालवण्यात अर्थ नाही.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची यात सरमिसळ करू नका. तो १९८६ च्या पर्यावरण कायद्याचा भाग. त्याचे मसुदे २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत सहा वेळा निघाले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांबद्दल मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं केंद्राला वेगळे निर्देश दिले आहेत. खाणीला रोखण्याची खरी ताकद त्या वाटेत आहे, पण ती गावाच्या हातात नाही. संवर्धन राखीवाचा प्रस्ताव तुमच्या हातात आहे. दोन्ही एकाच ठरावात घातले तर एकाचा विरोध दुसऱ्याला लागतो.

अधिसूचनेनंतरचं काम फार जण विसरतात. कलम ३६ब प्रमाणे व्यवस्थापन समिती: वनविभागाचा प्रतिनिधी सदस्य-सचिव, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन, कृषी आणि पशुसंवर्धन विभागाचा प्रत्येकी एक. कामकाजाची पद्धत समिती स्वतः ठरवते. ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत बसली नाही तर पुढं बसत नाही, म्हणून पंचायतीच्या प्रतिनिधीचं नाव ठरावानं आधीच पाठवा. पशुसंवर्धनचा माणूस नावापुरता समजू नका. जंगलात चरणाऱ्या गुरांचं लसीकरण त्याच्याकडूनच होतं, आणि गव्यांना लाळ्या-खुरकूत गुरांकडूनच जातो. पैसा मागायचा तर केंद्राच्या वन्यजीव अधिवास विकास योजनेत संवर्धन राखीव बसतं, पण व्यवस्थापन आराखडा असल्याशिवाय काही मिळत नाही. आराखडा शंभर पानी नको. पहिल्या वर्षी सीमेवरचे फलक, कक्षवार पाणवठ्यांची नोंद आणि वणव्याचं काम, एवढं लिहा. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, तेव्हा जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) जानेवारीअखेर साफ हव्यात. माथ्यावरचा सडा (कातळाचं पठार) आणि खालची मालकी काजूबाग जिथं भिडतात तिथून सुरुवात करा, कारण बागवाला पालापाचोळा पेटवतो तो तिथंच, आणि उतारावरची आग वर चढायला अर्धा तास पुरतो.